स्वभाव : मनमिळाऊ

बीड जिल्ह्यात माणसाच्या व्यक्तिमत्त्वाची चाचणी झेरॉक्सच्या दुकानात होते. लग्नाचा बायोडाटा करायला आलेल्या मुलाला दुकानदार नाव, जन्मवेळ, रास, उंची, शिक्षण, मामाचं कूळ आणि शेती विचारतो. बागायत किती, कोरडवाहू किती, तेही विचारतो. स्वभाव तेवढा विचारत नाही. तो त्याच्या संगणकात आधीच टाईप करून ठेवलेला असतो : मनमिळाऊ. मुलगी असेल तर पुढे ‘गृहकृत्यदक्ष’, मुलगा असेल तर ‘निर्व्यसनी’. गालात गुटख्याचा तोबरा सांभाळत, मान वर करून, “निर्व्यसनी बी टाका की,” असं सांगणारे उमेदवार दुकानदारानं रगड बघितलेले असतात. तो टाकतो. ओळीला जादा पैसे लागत नाहीत.

या हिशेबानं आष्टीपासून परळीपर्यंत अकरा तालुक्यांत एकही माणूस भांडखोर नाही. तरीही २००७ साली सरकारला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढावी लागली. गावोगाव समित्या नेमल्या, अध्यक्ष केले, बक्षिसं लावली. मग बांध कोरणारे, सामाईक विहिरीच्या पाळीवरून कुऱ्हाडी काढणारे आणि ग्रामसभेत माईक ओढणारे हे लोक आले कुठून? त्यांचे बायोडाटे काढून बघा, तेही मनमिळाऊच निघतील. काही गावांत तर पहिला तंटा तंटामुक्तीच्या अध्यक्षपदावरूनच झाला, तो भाग वेगळा.

माणसाला त्याच्याच स्वभावाबद्दल विचारलं की तो शोभेल ते सांगतो. मुद्दाम खोटं बोलतो असंही नाही. आपण खरोखरच मनमिळाऊ आहोत आणि लोकच नाठाळ आहेत, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. मासिकातल्या ‘तुम्ही कसे आहात?’ पासून कंपन्यांच्या महागड्या प्रश्नावल्यांपर्यंत बहुतेक व्यक्तिमत्त्व चाचण्यांचा डोलारा या एकाच साक्षीदारावर उभा असतो. आरोपीही तोच आणि न्यायाधीशही तोच.

बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळं तोडणारी बाई फळाला कधी विचारत नाही की बाबा, तुला पिकल्यासारखं वाटतंय का, ‘नेहमी’, ‘कधी कधी’ की ‘क्वचित’? ती डोळे उघडलेत का बघते आणि तोडते. माणसाच्या बाबतीत मात्र आपण फळालाच फॉर्म भरायला देतो.

आता स्वतःबद्दल सांगणं जितकं अवघड, तितकंच दुसऱ्यानं आपल्याबद्दल सांगितलेलं पटणं सोपं. याचं शास्त्र आमच्या दारात पिढ्यानपिढ्या चालत आलंय. सुगी संपली की कुडमुडे जोशी दारात उभा राहतो. हातातलं कुडमुडं वाजवतो, मालकाच्या कपाळाकडे बघतो आणि सांगतो, “मालक, तुमी मनाचे मोठे. सगळ्यांचं करता, पर केलेल्याची जाण कुणाला न्हाई. पैसा येतो, हातात टिकत न्हाई. हाताला यश न्हाई. आन् जवळचाच माणूस घात करतो.”

ओट्यावर बसलेले आजोबा डोळे मिटून मान डोलावतात. त्यांच्या डोळ्यांपुढे सख्खा भाऊ आणि बांध उभा राहिलेला असतो. मालकाला सोसायटीचा चेअरमन आठवतो. दाराच्या आड उभी असलेली सासू ‘जवळचाच माणूस’ ऐकून सुनेकडे बघते. त्याच क्षणी सून सासूकडे बघत असते. एका वाक्यात चार जणांचं निदान, तेही प्रत्येकाला वेगवेगळं. सुपातून ज्वारी कोण आणतं यावरून त्या दिवशी प्रथमच दोघींत चढाओढ लागते.

बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली हाच प्रयोग वर्गात केला. ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचा ‘खास’ अहवाल दिला. तो किती जुळतो यासाठी पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग त्यानं सांगितलं की अहवाल सगळ्यांना एकच दिला होता आणि त्यातली वाक्यं पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतली होती. वरून तुम्ही खंबीर दिसता पण आतून काळजी करता, अशा थाटाची ती वाक्यं. पुढे १९५६ मध्ये पॉल मील या मानसशास्त्रज्ञानं या प्रकाराला बार्नम या सर्कसवाल्याचं नाव चिकटवलं. सर्कसवाल्याऐवजी त्याची गाठ गेवराईच्या बाजारात कुडमुडे जोशाशी पडली असती, तर जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आज ‘कुडमुडे परिणाम’ शिकवला गेला असता. फोररनं निदान शेवटी खरं काय ते सांगितलं. मोबाईलवरची चाचणी शेवटी काही सांगत नाही, ‘तुमचा निकाल मित्रांना पाठवा’ एवढंच म्हणते.

तर असाच एक निकाल घेऊन आमच्या आत्याचा नातू पुण्याहून गावी आला. हिंजवडीत नोकरी, त्यामुळे घरात मान. लग्नघरात सगळे मांडवाला हातभार लावत असताना हा माडीवर मोबाईल घेऊन बसलेला. आत्या वर गेली.

“काय करायलास रे? खाली पाव्हणे आलेत की.”

“आजी, मला माणसांत बसलं की थकायला होतं. मी टेस्ट दिलीय. मी आयएनएफजे आहे.”

आत्याच्या चेहऱ्यावर आधी कौतुक उमटलं. ती म्हणाली, “बरं झालं बाबा. क्लास टू का क्लास थ्री?”

घरटी एक पोरगं स्पर्धा परीक्षेला बसलेल्या जिल्ह्यात चार इंग्रजी अक्षरांचा दुसरा अर्थ तिला सुचणं शक्य नव्हतं. हे पद नसून स्वभावाचा प्रकार आहे, असे एकूण सोळा प्रकार असतात आणि आपला प्रकार फार दुर्मिळ आहे, हे नातवानं समजावून सांगितलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुझा आज्जा बी असाच. पंगतीला वाढायची येळ आली की माडीवर. चल, बुंदीचं भांडं उचल.” त्यानं उचललं. दोन पंगती वाढल्या, तिसऱ्या पंगतीत व्याह्यांना आग्रहही केला आणि रात्री वरातीत सगळ्यात शेवटी घरी आला तो हाच.

ही सोळा प्रकारांची चाचणी कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी केली. ती मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथावर आधारलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत नव्यानं येणाऱ्या बायकांना जमेल असं काम सापडावं, हा हेतू होता. दोघींपैकी एकीनंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. लेकीनं त्याआधी रहस्यकथा लिहून बक्षीस मिळवलं होतं. त्यामुळे चाचणीत उत्सुकता उत्तम टिकते, पण गुन्हेगार दर वेळी बदलतो. काही आठवड्यांनी पुन्हा बसवलं की बऱ्याच लोकांचा प्रकार वेगळाच येतो. चाचणी विकणारी कंपनीसुद्धा नोकरीसाठी माणूस निवडताना ती वापरू नका म्हणते.

गोम अशी आहे की ती प्रत्येक बाबतीत माणसाला या बाजूला किंवा त्या बाजूला ढकलते आणि बहुतेक माणसं मधोमध उभी असतात. पोलीस भरतीत मुलांच्या उंचीला १६५ सेंटिमीटरची रेघ आहे. जागा मोजक्या, पोरं हजारो, तिथे रेघ मारणं भागच आहे. पण १६४ चा माणूस आणि १६५ चा माणूस या दोन वेगळ्या जाती आहेत, असं भरतीच्या मैदानावरचा साहेबही म्हणत नाही. चाचणी म्हणते.

आणि सोळा प्रकार म्हणजे तशी चैनच. आमच्या जिल्ह्यातून दर हंगामाला लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथे माणसांचे प्रकार दोनच : कोयता आणि अर्धा कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. मुकादम उचल देण्याआधी प्रश्नावली काढत नाही. बायको बरोबर येणार का, मागच्या हंगामाची बाकी कुणाकडे आहे, एवढं विचारतो आणि बोलता बोलता तळहात बघून घेतो. मजूर अंतर्मुख आहे की बहिर्मुख, याची नोंद त्याच्या वहीत नसते. मोळी दोघांच्याही डोक्यावर तेवढीच जड.

मुकादमाच्या या चाचणीत माणसाचं काय काय सुटतं, हे निराळं सांगायला नको. पण ती एक गोष्ट लख्ख दाखवते. चाचणी घेणाऱ्याला जे हवं असतं तेच ती मोजते. मुकादमाला पाठ हवी असते. कंपनीला न कुरकुरणारा माणूस हवा असतो. मोबाईलवरच्या फुकट चाचणीला तुमचा नंबर हवा असतो आणि पहिल्या पानावरच तो मिळाल्यामुळे पुढच्या प्रश्नांची उत्तरं काय आली, याची तिला फारशी फिकीर नसते.

चांगल्या हेतूनं घेतलेल्या चाचणीचंही परिस्थितीपुढे काय होतं ते २०१६ मध्ये दिसलं. त्या वर्षी राज्य मंडळानं श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीनं दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली. दहावीनंतर आंधळेपणानं शाखा घेण्यापेक्षा मुलांनी आपला कल ओळखावा, हा विचार चांगलाच होता. क्षेत्रं सात : कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. वर्ष मात्र दुष्काळाचं. एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, इतका तो दुष्काळ. आमच्याकडे तेव्हा पोरांचा एकमेव कल टँकरकडे होता आणि त्याला सातात रकाना नव्हता.

शिवाय आवडायला आधी ती गोष्ट बघितलेली असावी लागते. वस्तीवरच्या पोरानं महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी माणसं बघितलेली असतात तीन : मास्तर, कंडक्टर आणि पोलीस. त्यातल्या पोलिसाला लोक उठून खुर्ची देतात. म्हणून पोरगं पहाटे पाचला उठून डांबरी सडकेवर १६०० मीटर पळतं. ‘तुम्हाला शारीरिक मेहनतीचं काम आवडतं का?’ या प्रश्नावर ते ‘खूप आवडतं’ वर खूण करतं. निकाल येतो, गणवेशधारी सेवा. हा कल म्हणायचा की त्या खुर्चीचा परिणाम?

कल कळल्यावर तरी काय? ललित कलेकडे कल निघालेली मुलगी घरी कागद दाखवते. वडील कागद उलटासुलटा करून बघतात आणि विचारतात, “हे कॉलेज कुठं हाय?” जवळपास नाही म्हटल्यावर पुढचं ठरायला पाच मिनिटं लागत नाहीत. कल ललित कलेकडे असतो, पण सकाळची एसटी अंबाजोगाईकडे जाते आणि संध्याकाळी परत येते. शाखा एसटी ठरवते. मुलांच्या बाबतीत दोस्त ठरवतो. “गण्यानं सायन घेतलं म्हनून म्या बी घेतलं,” ही मराठवाड्यातली सगळ्यात चालणारी करिअर मार्गदर्शन पद्धत आहे आणि तिला संगणक लागत नाही.

चांगल्या हेतूचं असं होणं नवं नाही. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसच्या शाळांसाठी बुद्धिमापनाची पहिली मोजपट्टी केली, ती मागे पडणारी मुलं हेरून त्यांना मदत करावी म्हणून. हा आकडा मुलाच्या कपाळावर कायमचा कोरू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्यांनी आकडा घेतला आणि म्हणणं सोडून दिलं.

स्वभावाची ही गत, तर आजाराची काय असेल? पूर्वी आमच्याकडे स्वयंनिदानाचा एकच शब्द होता, पित्त. डोकं दुखलं, पित्त. चक्कर आली, पित्त. परीक्षेला गेला नाही, पित्त उठलं होतं. रात्री येसराची आमटी चार वाट्या ओरपून छातीत जळजळलं, तेव्हा ते खरोखरच पित्त असायचं. पण त्या नावाखाली हृदयविकाराच्या कळाही आल्याचा काढा पिऊन अंगावर काढलेली माणसं आहेत. आता पित्ताची मक्तेदारी मोडली. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ येतो : ही पाच लक्षणं असतील तर तुम्हाला अमुक आजार आहे. पाचातली चार तर उन्हाळ्यात दुपारी दोनला कुणातही सापडतील.

आमच्या एका भाच्यानं असं बघून स्वतःला एडीएचडी लावून घेतला. पुस्तक उघडलं की लक्ष उडतं, हा पुरावा. वास्तविक डॉक्टर हे ठरवताना बारा वर्षांच्या आतली लक्षणं विचारतात, घरात आणि शाळेत दोन्हीकडे तोच त्रास होता का बघतात, त्यानं खरोखर काय काय अडलं ते तपासतात. आईला विचारतात, मास्तरांना विचारतात. ज्याला तो त्रास खरोखर असतो, त्याला आमच्याकडे तपासायला कुणी नेत नाही. लहानपणापासून ‘वांड’ म्हणून त्याची पाठ तेवढी शेकलेली असते. ज्याला नसतो तो व्हिडिओ बघून घरबसल्या मिळवतो. आजाराचं असं चुकीच्या पत्त्यावर वाटप चालू आहे.

मग चाचण्या गुंडाळून ठेवायच्या का? तसं नाही. उदासीनता हेरण्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कामात मन लागतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. पण तिचा निकाल म्हणजे निदान नव्हे. या माणसाला तज्ज्ञानं बघायला हवं, एवढंच ती सांगते. पुढचं काम माणसाचं. आणि ते कसं करायचं हे बघायचं असेल तर आशाताईकडे, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्तीकडे, बघावं. २०१५ पासून शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत सरकारचा प्रेरणा प्रकल्प आला. बीड त्यात होताच. आशाताई प्रश्नावली घेऊन घरोघर जाऊ लागल्या.

“तात्या, झोप लागती का?”

“लागती की. लाईटीचा आठवडा रातचा असला की न्हाई लागत. मोटर कोन चालू करनार?”

“जेवन?”

“जाती भाकर.”

“मन लागतं का कामात?”

“मनाचं काय घिऊन बसलीस पोरी. चहा घी.”

फॉर्मवर तात्या ठणठणीत. एखाद्या ॲपनं त्यांना अभिनंदनाचं चित्र पाठवलं असतं. पण ताई त्याच गल्लीतली. लाईट या आठवड्यात दिवसा आहे, हे तिला माहीत असतं. तात्यांची दाढी वाढलीय आणि दावणीला एकच बैल आहे, हे तिनं आत येतानाच बघितलेलं असतं. ती चहा घेते आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न विचारते, “काकू, तात्या पारावर दिसनात आजकाल?” आतून उत्तर येतं, “अगं महिना झाला, उंबरा वलांडला न्हाई त्यांनी.” ताई फॉर्म पुन्हा उघडते.

तात्या अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जायला तयार झाले, पण एका अटीवर. गावात विचारलं तर पित्त सांगायचं. ताईनं कबूल केलं. पित्ताच्या गोळ्यांनी तात्या एवढे बोलके कसे झाले, याचं पारावर पुढे बरेच दिवस आश्चर्य चाललं आणि आणखी दोघं ‘तेच पित्त’ दाखवायला गुपचूप जाऊन आले. ज्यांच्या गल्लीत अशी ताई नाही किंवा असली तरी तिला सांगायचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात आणि पलीकडे माणूस असतो.

आपल्याबद्दल काय आपल्याला कळतं आणि काय इतरांना, याची नीट वाटणी सिमीन वझीर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१० मध्ये करून दाखवली. मनातली काळजी, धाकधूक आपली आपल्याला जास्त कळते. पण आपण किती हुशार, किती कल्पक, हे आपल्यापेक्षा दोस्तांना बरोबर सांगता येतं. म्हणजे अर्धा पेपर आपल्याला येतो आणि अर्धा शेजारच्याला. बीड जिल्ह्याला हे नवीन नाही. दहावी-बारावीच्या दिवसांत कॉपीमुक्त अभियान आणि भरारी पथकं आमच्याकडे उगाच येत नाहीत. त्यांनी गणिताला जरूर यावं, इंग्रजीला तर दोन गाड्या आणाव्यात. पण स्वभावाच्या पेपरला शेजारच्याचं बघून लिहायची मुभा असू द्यावी, कारण आपली उत्तरपत्रिका त्याच्याकडे कधीचीच सोडवून तयार असते आणि तीत ‘मनमिळाऊ’ हा शब्द सहसा सापडत नाही. तेवढा वेळ पथकानं चहाला जावं.